नामसाम्य

दोन किंवा अधिक व्यक्तींचे, दोन किंवा अधिक स्थळांचे, अथवा व्यक्ती आणि स्थळ यांचे नाव एकच असणे, यास नामसाम्य म्हणतात. विशेषनाम हे तत्त्वतः एकाच व्यक्तीचा किंवा वस्तूचा निर्देश करण्यासाठी योजलेले असते. प्रत्यक्षात मात्र नावांचा साठा मर्यादित आणि नाव ठेवावयाच्या व्यक्ती व स्थळे अगणित असल्यामुळे एकच नाव अनेकांच्या वाट्यास येते. ज्या लहान समाजात नाव ठेवले जाते, तेथे त्याने सहसा घोटाळा होत नाही. ते नाव कागदपत्र, ग्रंथ, नकाशा किंवा शासकीय नोंद यांतून त्या समाजाबाहेर गेले, की मात्र ते नेमके कोणाचे, हा प्रश्न उद्भवतो. इतिहास, साहित्यसंशोधन, भूगोल, ग्रंथालयशास्त्र, टपाल व महसूल व्यवस्था या सर्वांना या प्रश्नाचा विचार करावा लागतो.

उत्पत्तीच्या दृष्टीने नामसाम्याचे तीन प्रकार सांगता येतील : (१) सारख्या परिस्थितीतून स्वतंत्रपणे तेच नाव पडणे. (२) एका व्यक्तीच्या वा स्थळाच्या स्मरणार्थ तेच नाव दुसऱ्यास जाणूनबुजून देणे. (३) मुळात भिन्न असलेली नावे उच्चारातील बदलामुळे किंवा परक्या लिपीत लिहिली गेल्यामुळे एकरूप होणे.

ग्रामनामांतील साम्य : महाराष्ट्रातील बहुसंख्य ग्रामनामे वर्णनात्मक आहेत. गावाजवळचे झाड, पाणी, देऊळ, टेकडी किंवा वस्ती करणारी जमात यांवरून ती पडलेली दिसतात. वड, पिंपळ, बोर, आंबा, चिंच, बाभूळ ही झाडे सर्वत्र आढळत असल्याने वडगाव, पिंपळगाव, बोरगाव, आंबेगाव, चिंचोली, बाभूळगाव ही नावेही जागोजागी आढळतात. नाव ठेवणाऱ्यांच्या दृष्टीने आपल्या शिवारातील वडाचे गाव ते वडगाव, एवढे पुरेसे होते. वीस कोसांवरील दुसऱ्या वडगावाशी त्यांचा व्यवहार क्वचितच येई.

बाजारपेठ, वसुली आणि लष्करी हालचाली यांमुळे व्यवहाराचा परीघ वाढला, तेव्हा मूळ नावास भेददर्शक पद जोडण्याची पद्धत रूढ झाली. या पदांचे अनेक वर्ग आहेत. फार्सी ‘बुजुर्ग’ व ‘खुर्द’ या शब्दांवरून आलेली बुद्रुक (मोठे) आणि खुर्द (लहान) ही पदे सर्वांत परिचित होत. एकाच नावाच्या दोन शेजारी वस्त्यांपैकी थोरली बुद्रुक व धाकटी खुर्द म्हणून ओळखली जाई. कालांतराने कित्येक ठिकाणी खुर्द गावाची वस्ती बुद्रुकपेक्षा वाढली, तरी पदे पूर्ववत राहिली. म्हणून त्यांवरून आजच्या लोकसंख्येचे अनुमान करता येत नाही.

दुसरा वर्ग वतनदार किंवा सरदार घराण्यांच्या नावांचा आहे. पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे आणि तळेगाव ढमढेरे, तसेच लोणी काळभोर आणि लोणी कंद ही त्याची ठळक उदाहरणे होत. वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) आणि वाशिम जिल्ह्यातील कारंजा (लाड) हीही अशीच जोडी आहे. अमरावती जिल्ह्यात चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार ही दोन तालुक्यांची गावे आहेत. यांपैकी पहिल्याचे भेददर्शक पद लोहमार्ग आल्यानंतरचे, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरचे असले पाहिजे, हे उघड आहे. भेददर्शक पदावरून काळ ठरविण्यास असे साहाय्य होते. शिरूर हे नाव तर चार ठिकाणी चार रीतींनी वेगळे केले गेले आहे : पुणे जिल्ह्यातील शिरूर शेजारच्या नदीवरून घोडनदी म्हणून ओळखले जाते, बीड जिल्ह्यात शिरूर कासार आणि लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ व शिरूर ताजबंद ही गावे आहेत. पुण्याजवळ इंद्रायणीकाठची आळंदी ज्ञानेश्वरांच्या समाधीमुळे ‘देवाची’ ठरली, तर त्याच जिल्ह्यातील दुसरी आळंदी ‘चोराची’ किंवा ‘म्हातोबाची’ म्हणून ओळखली जाते. लोकव्यवहाराने केलेला भेद किती नेमका व लक्षात राहण्याजोगा असतो, हे या जोडीवरून दिसते.

भेददर्शक पद गाळल्यास अर्थाचा अनर्थ होतो. जिजाबाईंचे जन्मस्थान असलेले सिंदखेड राजा बुलढाणा जिल्ह्यात आहे. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडे हे तालुक्याचे गाव त्याहून वेगळे आहे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धातील जानेवारी १७७९ चा करार ज्या वडगावी झाला, ते मावळातील वडगाव होय. १ जानेवारी १८१८ ची लढाई भीमाकाठच्या कोरेगावी झाली. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव या तालुक्याच्या गावाशी तिचा संबंध नाही. तालुक्यांच्या ठाण्यांतही अशी पुनरुक्ती आढळते. मालेगाव (नासिक व वाशिम), कर्जत (रायगड व अहिल्यानगर), कळंब (धाराशिव व यवतमाळ), सेलू (परभणी व वर्धा), आष्टी (बीड व वर्धा) आणि खेड (रत्नागिरी व पुणे) ही तालुकानामे प्रत्येकी दोन जिल्ह्यांत आहेत. यांपैकी पुणे जिल्ह्यातील खेड या गावास क्रांतिकारक शिवराम हरी राजगुरू (१९०८–३१) यांच्या स्मरणार्थ राजगुरुनगर हे नाव देण्यात आले.

नद्या व किल्ले : नद्यांच्या नावांतही साम्य आढळते. पूर्णा नावाच्या तीन नद्या अभ्यासकास वेगळ्या ओळखाव्या लागतात : पहिली विदर्भातून वाहत जाऊन तापीस मिळते, दुसरी मराठवाड्यातून वाहत जाऊन गोदावरीस मिळते, तिसरी सह्याद्रीत उगम पावून दक्षिण गुजरातमधून अरबी समुद्रास मिळते. पुण्यात मुठेस मिळणारी मुळा वेगळी आणि अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेस मिळणारी मुळा वेगळी. पहिलीवर मुळशीचे व दुसरीवर राहुरी तालुक्यातील ज्ञानेश्वरसागर हे धरण आहे. पर्जन्यमान, पूर व सिंचन यांच्या नोंदी वापरताना खोऱ्याचा उल्लेख नसेल, तर एका नदीचे आकडे दुसरीच्या नावावर जाण्याचा संभव असतो. किल्ल्यांपैकी माणिकगड हे नाव रायगड व चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांत आढळते.

साष्टी व कुलाबा : नामसाम्याचा इतिहासलेखनावर होणारा परिणाम या दोन नावांवरून स्पष्ट होतो. मुंबईच्या उत्तरेकडील मोठ्या बेटास साष्टी म्हणत आणि गोव्यातील मडगावभोवतालच्या प्रदेशासही साष्टी असेच म्हणतात. सहासष्ट गावांचा समूह, म्हणजे ‘षट्षष्टि’, यावरून दोन्ही नावांची परंपरागत व्युत्पत्ती सांगितली जाते. दोन्ही प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात होते आणि त्यांच्या लेखनात दोहोंस ‘साल्सेत’ असे एकच रूप मिळाले. उत्तरेकडील साष्टी मराठ्यांनी १७३७ मध्ये जिंकली. १७३९ मध्ये, वसईचा वेढा चालू असतानाच, मराठी फौजा गोव्याच्या साष्टीतही शिरल्या. परिणामी दोन वर्षांच्या अवधीतील पत्रव्यवहारात एकाच नावाचे दोन रणक्षेत्र येतात. पत्र कोठून लिहिले, त्यात ठाणे-वसईचे उल्लेख आहेत की मडगाव-राशोलचे, हे पाहूनच प्रसंगाचे स्थळ निश्चित करावे लागते. खुद्द वसईच्या नावाचीही अशीच स्थिती आहे. इंग्रजी लेखनात वसईस ‘बसीन’ म्हणत आणि ब्रह्मदेशातील (म्यानमार) इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातील पाथेइन या शहरासही ‘बसीन’ म्हणत. देशी नावे भिन्न, परंतु परक्या लिपीत एकरूप झालेली, अशा तिसऱ्या प्रकारच्या नामसाम्याचे हे उदाहरण होय. याउलट नागरी लिपीत भिन्न दिसणारी महाराष्ट्रातील रायगड व छत्तीसगढमधील रायगढ ही जिल्ह्यांची नावे रोमन लिपीत सहज एकमेकांच्या जागी लिहिली जातात.

कुलाबा हे मुंबई शहराच्या दक्षिण टोकाकडील भागाचे नाव आहे, तसेच ते अलिबागेच्या समुद्रातील आंग्र्यांच्या किल्ल्याचेही नाव आहे. या किल्ल्यावरून त्या जिल्ह्यास कुलाबा जिल्हा म्हणत. १९८१ मध्ये त्याचे नाव रायगड असे करण्यात आले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून भूचुंबकीय निरीक्षणे होत होती. मुंबईतील ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे ठरल्यावर विद्युत् प्रवाहामुळे या निरीक्षणांत व्यत्यय येणार, हे ध्यानी घेऊन अलिबाग येथे नवी वेधशाळा स्थापण्यात आली आणि १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी समांतर निरीक्षणे करून जुन्या व नव्या मालिकांचा दुवा साधण्यात आला. म्हणजे कुलाब्याची निरीक्षणे कुलाबा जिल्ह्यात गेली. त्या काळातील नोंदींत ‘कुलाबा’ हा शब्द आला, की तो मुंबईचा भाग आहे की जिल्हा, हे संदर्भावरून ठरवावे लागते.

स्थलांतरित नावे : वसाहत करणारे लोक आपल्या मूळ गावाचे किंवा पूज्य क्षेत्राचे नाव नव्या भूमीस देतात. मथुरा व मदुराई (दक्षिण मथुरा), तसेच अयोध्या व थायलंडमधील अयुथया (स्थापना १३५०) ही भारतीय परंपरेतील उदाहरणे होत. कॅनडातील लंडन हे शहर टेम्स याच नावाच्या नदीवर वसले आहे. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्समधील केंब्रिज या गावास हे नाव १६३८ मध्ये इंग्लंडमधील विद्यापीठनगरावरून देण्यात आले. संस्थापकाच्या नावावरूनही नगरनामे पुनरावृत्त होतात. अलेक्झांडरने इ. स. पू. ३३१ मध्ये ईजिप्तमध्ये वसविलेल्या अलेक्झांड्रियाखेरीज त्याच्या नावाची इतरही नगरे होती. दक्षिणेतील हैदराबाद मुहम्मद कुली कुत्बशाहने १५९१ मध्ये, तर सिंधमधील हैदराबाद गुलामशाह कल्होडो याने १७६८ मध्ये वसविले. म्हणून जुन्या ग्रंथांत ‘हैदराबाद (दक्षिण)’ आणि ‘हैदराबाद (सिंध)’ असा निर्देश आढळतो.

व्यक्तिनामांतील साम्य : मराठी समाजात नातवास आजोबांचे नाव ठेवण्याची प्रथा होती व काही प्रमाणात आजही आहे. पेशवे घराण्यात बाळाजी विश्वनाथ (पेशवेपद १७१३–२०) यांचे नाव नातू बाळाजी बाजीराव (पेशवेपद १७४०–६१) यांस आणि पहिल्या बाजीरावाचे (१७००–४०) नाव नातू दुसऱ्या बाजीरावास (१७७५–१८५१) मिळाले. पहिल्या जोडीत पित्याच्या नावाने भेद होतो, तर दुसऱ्या जोडीसाठी इतिहासकारांना क्रमवाचक विशेषण योजावे लागते. चुलत्याचे नाव मिळालेले दुसरे माधवराव (१७७४–९५) ‘सवाई’ या विशेषणाने ओळखले जातात. भोसले घराण्यात संभाजी हे नाव शिवाजी महाराजांच्या थोरल्या बंधूंचे, पुत्राचे (१६५७–८९) आणि कोल्हापूरच्या छत्रपतींचे (१६९८–१७६०) होते. साताऱ्याचे शाहू (१६८२–१७४९) व कोल्हापूरचे राजर्षी शाहू (१८७४–१९२२) यांच्यात दीड शतकाहून अधिक अंतर आहे. तंजावरच्या मराठी राजघराण्यातही दोन सरफोजी होऊन गेले. ग्रंथसंग्रहासाठी विख्यात असलेला तो दुसरा सरफोजी (कार. १७९८–१८३२) होय.

आदरार्थी वा घरगुती नावांनी हा गुंता वाढतो. नानासाहेब हे बाळाजी बाजीरावाचे रूढ नाव, तसेच १८५७ च्या उठावातील धोंडोपंत पेशव्यांचेही. शिवाय नाना फडणीस, नाना शंकरशेट आणि क्रांतिसिंह नाना पाटील हे सर्व ‘नाना’च. स्त्रियांच्या बाबतीत विवाहानंतर नाव बदलण्याच्या प्रथेमुळे नवे नामसाम्य निर्माण होते व जुने नाव नोंदींतून लोपते. रघुनाथराव पेशव्यांच्या पत्नी आनंदीबाई, १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाई जोशी (१८६५–८७) आणि धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई कर्वे या तिघी वाचकास परिचित आहेत. यांपैकी जोशी यांचे माहेरचे नाव यमुना व कर्वे यांचे पूर्वीचे नाव गोदूबाई होते. माहेरच्या नावाची नोंद नसेल, तर अशा स्त्रीचे बालपण, शिक्षण आणि माहेरच्या मिळकतीतील तिचा हक्क यांचा माग लावणे अवघड होते. नामसाम्याचा प्रश्न येथे केवळ अभ्यासकाचा उरत नाही.

ग्रंथकर्तृत्वाचा प्रश्न : नामसाम्यामुळे दोन परस्परविरुद्ध चुका संभवतात. पहिली, अनेकांना एक मानणे आणि दुसरी, एकास अनेक मानणे. पहिल्या चुकीचे उदाहरण म्हणून नागार्जुन हे नाव सांगता येईल. महायान पंथातील शून्यवादी तत्त्वज्ञ आणि रसविद्येच्या परंपरेतील नागार्जुन यांना परंपरेने पुष्कळदा एकच मानले. गणितज्ञ भास्कर दोन झाले. पहिल्याने ६२९ मध्ये आर्यभटीयावर भाष्य लिहिले, तर दुसऱ्याचा (जन्म १११४) सिद्धांतशिरोमणि हा ग्रंथ ११५० मधील आहे. दुसऱ्या चुकीचे उदाहरण आर्यभटाचे होय. पाचव्या शतकात जन्मलेल्या आर्यभटास अल्-बीरूनीने (अकरावे शतक) दोन वेगळ्या व्यक्ती समजून लिहिले. बिभूतिभूषण दत्त यांनी १९२६ मध्ये ते दोघे एकच असल्याचे दाखविले. महासिद्धांताचा कर्ता दुसरा आर्यभट हा खरोखरच वेगळा आहे, त्यामुळे हा घोटाळा अधिकच गुंतागुंतीचा होता.

मराठी संतवाङ्मयात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा हाच पुष्कळदा कर्तृत्वाचा एकमेव पुरावा असतो. संत नामदेव (१२७०–१३५०) यांच्या गाथेत सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा याच्या रचना मिसळल्या आहेत. ‘नामा म्हणे’ ही मुद्रा दोघांनाही लागू पडते. ज्ञानेश्वरांच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शि. ए. भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने लेखन करून ज्ञानेश्वरीचा कर्ता आणि अभंगकर्ता ज्ञानदेव या भिन्न व्यक्ती असल्याचे मत मांडले व त्यावर दीर्घ वाद झाला. हे मत सर्वमान्य झाले नाही. तथापि नाव एक म्हणून कर्ता एक, हे गृहीत धरता येत नाही. भाषा, छंद, विचार, हस्तलिखितांचा काळ व पाठपरंपरा यांचा स्वतंत्र पुरावा पाहावा लागतो, ही जाणीव अशा वादांमुळे मराठी संशोधनात रुजली.

व्यक्ती व स्थळ : स्थळावरून व्यक्तीस आणि व्यक्तीवरून स्थळास नाव मिळते. पहिल्या प्रकारात ‘कर’ प्रत्ययान्त आडनावे येतात. नीराकाठच्या होळ गावावरून होळकर आणि गोव्यातील मंगेशी गावावरून मंगेशकर ही आडनावे रूढ झाली. ही आडनावे गावाचा निर्देश करतात, कुळाचा नव्हे. म्हणून एकच आडनाव असलेली घराणी निरनिराळ्या जातींची व परस्परांशी नाते नसलेली असू शकतात. वडगावकर किंवा पिंपळगावकर या आडनावांवरून तर मूळ गाव कोणते, हेही सांगता येत नाही. गावांचे नामसाम्य येथे आडनावात उतरते. दुसऱ्या प्रकारात गोव्यातील वास्को-द-गामा, तसेच जमशेटपूर, किर्लोस्करवाडी, वालचंदनगर ही नगरे येतात. थोर पुरुषांची नावे वसाहतींस देण्याच्या प्रथेमुळे गांधीनगर, शिवाजीनगर ही नावे शहरोशहरी आढळतात.

स्थळाचे नामांतर केल्याने जुने नामसाम्य संपते, परंतु नवे निर्माण होऊ शकते. महाराष्ट्रातील औरंगाबादचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाल्यावर बिहारमधील औरंगाबादशी असलेले त्याचे नामसाम्य संपले. तथापि संभाजीनगर नावाच्या वसाहती कोल्हापूर, चिंचवड इ. ठिकाणी पूर्वीपासून आहेत. कर्नाटकातील विजापूरचे शासकीय नाव २०१४ पासून विजयपुर आहे, तर बीजापूर हा जिल्हा छत्तीसगढमध्ये आहे. जुने दस्तऐवज वाचणाऱ्यास अशा प्रत्येक नामांतराचे वर्ष ठाऊक असावे लागते.

भेद करण्याचे उपाय : स्वतःचे नाव, पित्याचे वा पतीचे नाव आणि आडनाव ही मराठी नावाची त्रिपदी रचना हाच एक जुना व परिणामकारक उपाय आहे. ग्रंथालयीन तालिकेत व कोशांत नावापुढे जन्ममृत्यूची वर्षे देतात. राजांच्या बाबतीत क्रमांक, लेखकांच्या बाबतीत ग्रंथ वा व्यवसाय आणि स्थळांच्या बाबतीत तालुका, जिल्हा व राज्य यांचा उल्लेख करतात. नकाशाशास्त्रात अक्षांश-रेखांश हा निःसंदिग्ध निर्देश होय. टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकी पिनकोड सुरू केला. त्यातील पहिला अंक विभागाचा, पहिले तीन अंक मिळून वर्गवारी जिल्ह्याचे आणि शेवटचे तीन टपाल कचेरीचे निदर्शक असतात. भाषा व लिपी यांतील फरक, तसेच नावांची पुनरुक्ती यांमुळे होणारी पत्रांची चुकामूक टाळणे, हा त्यामागील एक हेतू होता. जनगणनेतही प्रत्येक गावास स्वतंत्र संकेतांक असतो.

संकेतांकाने निर्देश नेमका होतो, परंतु तो मुळात योग्य व्यक्तीस वा स्थळास जोडला गेला आहे काय, हे यंत्र ठरवू शकत नाही. चुकीची जोडणी झाल्यास एकाची थकबाकी दुसऱ्याच्या नावे लागते, किंवा एका गावाच्या वाट्याची मदत दुसऱ्या गावाच्या खाती जमा होते आणि अंक नेमका असल्यामुळे चूक लवकर ध्यानात येत नाही. म्हणून सातबाराच्या उताऱ्यात खातेदाराच्या नावासोबत गाव, तालुका व भूमापन क्रमांक असतात. इतिहासकारही एका नावावर विसंबत नाही. काळ, स्थळ आणि संबंध ही तिन्ही जुळल्याखेरीज तो दोन उल्लेख एकाच व्यक्तीचे मानीत नाही. नाव हा ओळखीचा आरंभ होय, पुरावा नव्हे, हे तत्त्व नामसाम्याच्या सर्व प्रकारांना लागू पडते.